विचारणारीनं उत्तर द्यायचं नाय

रत्नाबाईंनी गाण्याच्या कपाटातली पुस्तकं एकेक करून टेबलावर आपटायला सुरुवात केली, तेव्हा चहा पीत बसलेले दोघे शिक्षक कपबशा घेऊन गुपचूप व्हरांड्यात सटकले. बाईंचा राग त्यांच्या चांगला ओळखीचा होता. बार्शीकडची बाई. नवरा बन्सी बोईसरच्या एका कारखान्यात फिटर, आणि ही तिथल्याच हायस्कुलात संगीत शिकवायला. नवरा जितका गरीब गाय, तितकी ही फटकळ. मनात काही ठेवायची नाही, बोलून मोकळी व्हायची आणि विसरून जायची. ज्याला बोलली तो मात्र जन्मभर विसरायचा नाही.

साल शहाऐंशी. पालघरला शाळांची समूहगान स्पर्धा होती आणि शाळेनं कोणतं गाणं न्यायचं ते ठरायचं होतं. आता यात ठरवायचं ते काय? दरवर्षी कपाटातून तेच एक पुस्तक निघायचं, त्यातलं तेच एक देशभक्तीचं गाणं निघायचं, आणि मुली ते पालघरला जाऊन किंचाळून यायच्या. किंचाळून हाच शब्द खरा. त्या गाण्याचा अंतरा असा काही वर चढायचा की तिथं पोचेपर्यंत निम्म्या मुलींचे गळे चिरकायचे आणि उरलेल्या निम्म्या छताकडे बघत उभ्या राहायच्या. बरं, शब्द तरी समजावेत? गाण्यात पावलोपावली हिमशिखरं. गेल्या वर्षी वसतिगृहातल्या ठकीनं विचारलं होतं, "बाई, हिम म्हंजे काय?" बाई म्हणाल्या, बर्फ. "मच्छीवर टाकतात तो?" हो, तोच, दुसरा कुठून आणायचा! मग त्या पोरी चिंचणीच्या बायकांच्या पाटीतला बर्फ डोळ्यांपुढे आणून मोठ्या अभिमानानं गात राहिल्या.

"अर्थ कळायला कशाला हवा? चाल बसली की झालं," असं ढवळे सर म्हणायचे. ढवळे सर म्हणजे हेडमास्तर. माणूस वाईट नव्हता, पण समितीतलं कोणी शिंकलं तरी हा रुमाल काढायचा.

रत्नाबाईंचं म्हणणं एकच होतं. गाणं निवडायचं तर गाणार कोण ते आधी बघा. माप न घेता झंपर शिवता का? मग गळा न बघता गाणं कसं निवडता? बाईंच्या गाण्याच्या वर्गात दोन तऱ्हेच्या मुली होत्या. अर्ध्या वीजकेंद्राच्या कॉलनीतल्या आणि कारखान्यांच्या क्वार्टर्समधल्या, कोणी सातारची, कोणी नागपूरची. त्यांचे आवाज बारीक, वर जाणारे. दुसऱ्या अर्ध्या शाळेच्या वसतिगृहातल्या, पूर्वेच्या डोंगरातल्या पाड्यांवरून आलेल्या. त्यांचे आवाज खालच्या पट्टीतले, मोकळे, पोटातून येणारे. या दोन्ही गटांना एकत्र उभं करील असं गाणं त्या सगळ्या कपाटात एक नव्हतं. म्हणून तर पुस्तकं आपटली जात होती.

गाणं सापडलं ते वसतिगृहाच्या नळावर.

रविवारी बाई मुलींकडे पेटी पुसायला फडकं मागायला म्हणून तिकडे गेल्या होत्या. जेवणाची ताटं घासायला पोरी दोन रांगांत समोरासमोर बसल्या होत्या आणि गात होत्या. एक रांग विचारत होती,

"रोपा रोपा सांग रं, माहेर तुजं कुटं?"

समोरची रांग ताटावर राख घासता घासता सांगत होती,

"माहेर माजं राबात गं, सासर चिखलात."

बाई तिथंच थबकल्या. फडकं राहिलं बाजूला. भाताचं रोप राबात, पालापाचोळा जाळून भाजलेल्या वाफ्यात, उगवतं, तिथून उपटून खाचरात लावतात, ते लेकीसारखं सासरी जातं. एवढं सगळं दोन ओळींत! आणि चाल पाच सुरांत, वर ना खाली, कुणाही मुलीला झेपेल अशी. बाईंच्या डोळ्यांत पाणीच आलं. मग त्यांना स्वतःचाच राग आला, की इतकी वर्षं ही गाणी नळावर वाजत होती आणि आपण कपाटात तोंड घालून बसलो होतो.

"हे कुठलं गं?" त्यांनी नवसीला विचारलं. नवसी नववीतली. काळीसावळी, हाडापेराची, वर्गात हाक मारली तर मान खाली घालणारी. पण गायला लागली की तिचा आवाज नळाच्या भिंतीवर आपटून परत यायचा.

"आवणीचं हाय बाई. भात लावताना म्हणतात. या बाजूनं एक रांग लावत येते, त्या बाजूनं दुसरी. ही विचारते, ती उचलते."

"उचलते म्हणजे?"

"उत्तर देते. विचारलेलं उचलायचं असतं ना."

"आणि समोरच्या रांगेनं नाही उचललं तर?"

"मंग परत विचारायचं."

"तरी नाही उचललं तर?"

नवसीला हा प्रश्नच कळेना. "असं कसं, बाई? कोणतरी उचलतेच. बांधावरची म्हातारी उचलते. वाटेनं जाणारी उचलते. विचारलेलं पडून नाय ऱ्हात."

"जिनं विचारलं तिनंच उत्तर देऊन टाकलं तर?"

यावर दोन्ही रांगांतल्या पोरी अशा खिदळल्या की एकीच्या हातचं ताट गटारात पडलं. "येडी म्हणतील तिला!" ठकी म्हणाली. "आपणच विचारते नि आपणच सांगते!" आणि नवसीनं मास्तरीण असल्यासारखं बोट वर करून बाईंना बजावलं, "विचारणारीनं उत्तर द्यायचं नाय."

झालं. त्याच आठवड्यात बाईंनी तालीम सुरू केली. कॉलनीतल्या मुली पुढं उभ्या राहून विचारणाऱ्या, डोंगरातल्या मुली मागं उभ्या राहून उचलणाऱ्या. पेटीची पट्टी खाली आणली. पहिल्या दिवशी कॉलनीच्या मुलींनी नाकं मुरडली. हे काय शेतातलं गाणं, म्हणाल्या. पण दोन दिवसांत त्यांना त्याचं वेड लागलं. कारण त्यात खेळ होता. विचारून गप्प बसायचं आणि मागून उत्तराची लाट अंगावर यायची. एखादी चुकून आपल्याच प्रश्नाचं उत्तर गायला लागली की मागच्या सगळ्या 'येडी, येडी' करून तिची अशी काही टर उडवायच्या, की ती लाजून लाल व्हायची आणि पुन्हा म्हणून ती चूक करायची नाही. मृणाल उपासनी, कॉलनीतल्या मोठ्या साहेबांची मुलगी, तिला तर नवसीनं चारदा येडी म्हटलं. मृणालनं घरी जाऊन तक्रार केली नाही. उलट दुसऱ्या दिवशी ती नवसीशेजारी बसून डबा खाताना दिसली. पावसाळा सरल्यापासून दिवाळीनंतरपर्यंत ही तालीम चालली, आणि ती थांबायची, वाट बघायची सवय मुलींच्या अंगात भिनली.

मग स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात उपासनी साहेब तालीम ऐकायला आले.

साहेब शाळेच्या संगीत समितीचे अध्यक्ष. तरुणपणी गाण्याच्या दोन परीक्षा दिलेल्या, त्यानंतर गाण्याशी संबंध फक्त अध्यक्षपदापुरता. ढवळे सर त्यांच्या मागं दोन पावलं. साहेबांनी डोळे मिटून गाणं ऐकलं आणि टाळी वाजवली.

"वा! अस्सल मातीतलं गाणं काढलंत, रत्नाबाई. यंदा लोकगीताला स्वतंत्र बक्षीस आहे. हे नक्की वर जाणार."

बाई खूश झाल्या. या माणसाला ओळखायला आपण चुकलो की काय, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं. तेवढ्यात साहेब खुर्ची पुढे ओढून म्हणाले,

"फक्त त्या मागच्या मुलींचं काहीतरी करायला हवं."

"काय करायला हवं?"

"आवाज फार उघडे आहेत हो. रानात हाक मारल्यासारखे. परीक्षक मुंबईचे आहेत. त्यांना हे कानाला लागेल. असं करा, विचारणं नि उत्तर, दोन्ही पुढच्या मुलींनाच द्या. त्यांचा गळा तयार आहे. मागच्या मुलींना राहू दे, रंगमंच भरलेला दिसतो. लुगडी नेसवा त्यांना, डोंगरातल्या आहेत तेही दिसेल. फक्त आवाज नको. नुसते ओठ हलवू देत."

रत्नाबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जाणार नाही तर काय! गाणं त्यांच्या आज्यांचं. शब्द त्यांचे, चाल त्यांची, लुगडंसुद्धा त्यांचं. सगळं त्यांचं घ्यायचं, रंगमंचावर मांडायचं, बक्षीस मिळवायचं आणि गळा तेवढा बंद करायचा! दुसऱ्याच्या घरात जेवून त्यालाच उंबऱ्याबाहेर बसवायची ही कुठली तऱ्हा?

"साहेब," बाई म्हणाल्या, "हे गाणं त्यांच्याकडून आम्ही शिकलो. त्यांनाच गप्प बसवू?"

"गप्प कुठं? ओठ हलवतीलच की."

"ओठ हलवायला मुली कशाला हव्यात? मासे आणून उभे करा."

ढवळे सरांच्या तोंडचं पाणी पळालं. "बाई, बाई! काय बोलताय? साहेब आपले अध्यक्ष आहेत."

"अध्यक्ष असतील. त्यांनी ऐकलं कुठं? नवसीसारखा आवाज या बोईसर-तारापुरात दुसरा दाखवा मला. त्या मुलींच्या उत्तराशिवाय हे गाणं नाही होत, सर. अर्धं होतं. नुसता प्रश्न राहतो."

साहेब हसले. रागावले असते तर परवडलं असतं. ते हसले आणि म्हणाले, "तुम्ही भावनेच्या भरात बोलताय. मी सुराचं बोलतोय." आणि उठून गेले.

मग ढवळे सरांनी बाईंना ऑफिसात बोलावलं. आवाज खाली आणून म्हणाले, "हे बघा, दोनच गोष्टी आहेत. एक तर वसतिगृहाच्या मुली ओठ हलवतील, नाहीतर त्या येणारच नाहीत. साहेबांनी मला स्पष्ट सांगितलंय. पालघर बघायला मिळतंय, बसमधून जायला मिळतंय, एवढं तरी त्यांचं हिरावून घेऊ नका. तुमच्या हट्टापायी पोरींचं नुकसान."

म्हणजे बघा! मुस्कटदाबी हे करणार आणि नुकसानीचं पाप बाईंच्या माथी. बाई त्या दिवशी सरांशी पुष्कळ भांडल्या. राजीनामा देते म्हणाल्या, पेटी खाडीत टाकते म्हणाल्या. पण नवसी रोज विचारायची, बाई, आता किती दिस ऱ्हायले, आणि ते आठवून शेवटी त्यांनी मूग गिळले. निदान पोरी जातील तरी, असं त्यांनी स्वतःला समजावलं. घरी बन्सीनं विचारलं, काय झालं, तर त्याच्यावर खेकसल्या. बिचारा भाकरी अर्धी टाकून उठला.

मुलींना सांगणं तर जिवावर आलं. बाईंनी मागच्या रांगेला वर्गात थांबवून घेतलं आणि खिडकीबाहेर बघत सांगितलं, "स्पर्धेत तुम्ही आवाज काढायचा नाही. नुसते ओठ हलवायचे."

पोरी एकमेकींकडे बघायला लागल्या. ठकीनं विचारलं, "आमी चुकलो काय, बाई?"

"नाही गं. चुकलात कुठं."

"मंग आमचं कोण म्हणणार?" नवसी म्हणाली.

"पुढच्या मुली म्हणतील."

"विचारणाऱ्याच?"

"हो."

बाईंना वाटलं, आता या हसतील. येडी म्हणतील. कोणी हसलं नाही. नवसी म्हणाली, "माजी आई येणार हाय, बाई. मनोर रोडला वीटभट्टीवर हाय ती. मी निरोप धाडलाय, आमच्या पाड्याचं गाणं मी पालघरला म्हणणार हाय म्हणून. ती पाड्याच्या बायांना घेऊन येणार हाय." आणि मग अगदी हळू, "ती ऐकाया येणार हाय."

बाईंनी आधीच पुसलेला फळा पुन्हा पुसायला घेतला.

शेवटचे चार दिवस साहेबांनी स्वतः तालीम घेतली. पुढच्या मुलींनी विचारलं की साहेब दोन्ही हात उंचावून खूण करायचे, मग त्याच मुली उत्तर गायच्या. हात दिसला नाही की थांबायच्या. साहेब चिडायचे. मागच्या रांगेचे ओठ मुकाट हलायचे. मृणाल एकदा गाता गाता रडायला लागली, तर साहेब म्हणाले तिला सर्दी झालीय.

स्पर्धेच्या दिवशी एसटीनं सगळे पालघरला गेले. एका मोठ्या शाळेच्या हॉलमध्ये स्पर्धा होती. मुलींना लुगडी नेसवली, केसांत फुलं माळली. एका संयोजक बाईंनी नवसीची हनुवटी धरून 'किती गोड ध्यान' म्हटलं. रत्नाबाईंनी दातओठ खाऊन तबलजीला पट्टी सांगितली.

नवसीची आई सोमी चार बायका घेऊन आली. अंगावर वीटभट्टीची लाल धूळ, ती झटकून झटकून अर्धी गेलेली. हॉलमध्ये मागच्या खुर्च्या रिकाम्या होत्या, तरी बिल्ला लावलेला एक स्वयंसेवक त्यांना म्हणाला, "इथं नाही, तिकडं दाराशी बसा." बसल्या बिचाऱ्या दाराशी, फरशीवर. रिकाम्या खुर्च्या रिकाम्याच राहिल्या. रत्नाबाईंनी हे पडद्याच्या फटीतून बघितलं आणि पेटीचा भाता इतक्या जोरात उघडला की तो करकरला.

शाळेचं नाव पुकारलं गेलं. साहेब पहिल्या रांगेत पाहुण्यांशेजारी बसले होते. रंगमंचावर उभं राहून हातवारे करायला परवानगी नव्हती, आणि ते त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. खुर्चीतून खुणा करू म्हणाले. पण रंगमंचावरचे दिवे लागले तशी खालची माणसं मुलींना दिसेनाशी झाली.

पेटी लागली. पुढच्या मुलींनी विचारलं,

"रोपा रोपा सांग रं, माहेर तुजं कुटं?"

आणि थांबल्या.

ठरवून नाही थांबल्या. कोणी कोणाला खूण केली नाही. इतके दिवस अंगात भिनलेली सवय, विचारून झालं की गप्प व्हायचं आणि मागून यायच्या उत्तराची वाट बघायची. चार दिवसांच्या हातवाऱ्यांनी ती जाणार होती थोडीच! पेटीचा सूर नुसता वाजत राहिला. मागच्या रांगेचे ओठ हलले, सांगितलं होतं तसे, अगदी नेमके. माहेर माजं राबात गं. आवाज नाही. पहिल्या रांगेत साहेब हात वर करत होते, मान हलवत होते, शेजारचे पाहुणे त्यांच्याकडे बघायला लागले.

मृणालनं इकडं तिकडं बघितलं. उत्तर आलं नाही तर परत विचारायचं, एवढंच तिला येत होतं. तिनं सुरुवात केली आणि बाकीच्या तिच्यामागून आल्या,

"रोपा रोपा सांग रं, माहेर तुजं कुटं?"

पुन्हा तेच. प्रश्न तसाच हॉलभर टांगलेला आणि मागं सात पोरी मुक्या माशांसारखी तोंडं उघडमीट करतायत. लोक कुजबुजायला लागले. कोणीतरी हसलं. त्या हसण्यानं रत्नाबाईंच्या काळजाला घरं पडली. नवसीचे ओठ हलत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण पोरीनं सांगितलेलं मोडलं नाही. हे सगळ्यात वाईट. सांगणाऱ्यांची लायकी नव्हती आणि ऐकणारी पाळत होती.

दाराशी सोमी उठून उभी राहिली. तिला स्पर्धा ठाऊक नव्हती, मार्क ठाऊक नव्हते. तिला एवढं कळत होतं की विचारलेलं पडून आहे, आणि तिच्या पोरीचं तोंड हलतंय पण गळा लागत नाही. तिनं पदर खोचला आणि उचललं.

"माहेर माजं राबात गं, सासर चिखलात!"

तो आवाज! वीटभट्टीच्या धुरानं थोडा खरखरीत झालेला, पण हॉलच्या या टोकापासून त्या टोकाला जाऊन धडकला. बरोबरच्या चौघी बायका बसल्या जागेवरून तिच्यात मिसळल्या. रत्नाबाईंनी पेटीवरचे हात उचलले, पेटीची गरजच काय उरली होती! त्यांनी मान वळवून मागच्या रांगेकडे बघितलं आणि ओरडल्या, "म्हणा गं! म्हणा!"

नवसीनं तोंड उघडलं आणि या वेळी आवाज आला. पोरी गायल्या. दारातून आया गायल्या. मृणाल आणि तिच्या मैत्रिणींनी पुढचा प्रश्न असा काही टाकला की जणू खाचराच्या त्या बांधावरून टाकलाय, आणि दोन्हीकडून उत्तर आलं. परीक्षकांनी घंटा वाजवली. पुन्हा वाजवली. कोणी ऐकलं नाही. गाणं शेवटच्या ओळीपर्यंत गेलं, आणि मधल्या खुर्च्यांतल्या लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. मुंबईचे परीक्षक ज्यांच्या कानाला हे लागणार होतं, त्यांच्यातल्या एक बाई टेबलावर ताल धरून बसल्या होत्या. त्यांनी माईक ओढून विचारलं, "पण सुरुवातीला मागच्या मुली गात का नव्हत्या?"

नवसीला वाटलं, विचारलंय म्हणजे उचलायलाच हवं. ती सरळ म्हणाली, "आमाला नुसते ओठ हलवाया सांगितले व्हते."

उपासनी साहेब रुमालानं चष्मा पुसायला लागले.

निकाल लागायचा तो लागला. बाहेरचे आवाज मिसळले, नियमभंग, शाळा स्पर्धेतून बाद. त्याचं बाईंना काही वाटलं नाही. पण बाहेर व्हरांड्यात येतात तो ढवळे सर नाचायला लागलेले.

"नाक कापलंत शाळेचं! या बायकांना कोणी बोलावलं होतं? स्पर्धा आहे की बाजार? आणि तू, नवसी, तुला कोणी सांगितलं होतं तोंड उघडायला? वसतिगृहातून नाव काढून टाकीन!"

साहेब शेजारी उभे राहून लांब उभ्या असलेल्या एसटीकडे बघत होते. जसं काही त्यांचा याच्याशी संबंधच नाही.

सोमी बायकांमधून पुढं आली. तिनं नवसीचा हात धरला. सरांकडे तिनं बघितलंही नाही. ती रत्नाबाईंसमोर उभी राहिली, कारण पोर जिच्या हवाली केली होती ती हीच बाई.

"बाई," सोमी म्हणाली, "मी शालेत घातली तवा माजी पोर बोलती व्हती. तिला मुकी कोणी केली?"

रत्नाबाईंना सांगता आलं असतं, मी भांडले, मी राजीनामा देत होते, माझं कोणी ऐकलं नाही. पण शेवटी खिडकीबाहेर बघत सांगितलं कोणी? त्यांनीच.

"मी केली, सोमीबाई," त्या म्हणाल्या. "मला सांगितलं गेलं आणि मी ऐकलं. माझं मी उचललं." मग त्या वळल्या आणि आता मात्र त्यांचा आवाज व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेला. येणारी-जाणारी माणसं थांबली. "आणि ज्यांनी सांगितलं ते दोघे हे उभे आहेत. सर, साहेब, तिनं विचारलंय. उचला."

ढवळे सरांनी साहेबांकडे बघितलं. साहेबांनी घड्याळाकडे बघितलं. "उगाच तमाशा नको," असं काहीतरी ते पुटपुटले, पण ते काही उत्तर नव्हतं आणि ते तिथं सगळ्यांना कळलं. मृणाल आपल्या वडिलांकडे टक लावून बघत उभी होती. दूर गाडीचा हॉर्न वाजला, तरी एकही मुलगी जागची हलली नाही.

नवसीनं आईचा हात ओढला.

"नाय उचललं, आये," ती म्हणाली. "परत विचार."

आणि सोमीनं परत विचारलं.